स्वस्त चाचणी आणि अर्धवट चाचणी

सप्टेंबर २०२०. नागपुरात कोरोनाची पहिली लाट ऐन भरात होती. आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात आम्ही कार्यकर्त्यांनी तपासणी शिबिर भरवले होते. नावे लिहून घेणे, रांग लावणे आणि निकाल सांगणे हे काम माझ्याकडे होते. दुपारी एक काका आले. वय पन्नाशीचे, कंत्राटावर सफाईचे काम करणारे. तीन दिवसांपासून ताप, अंगदुखी, तोंडाला चव नाही. त्यांची रॅपिड अँटिजेन चाचणी झाली. वीस मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ दिसली. मी म्हणाले, "काका, निगेटिव्ह आहे. काळजी करू नका." त्यांनी समाधानाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते पहाटे नेहमीप्रमाणे कामावर गेले.

पुढच्या आठवड्यात काकांना धाप लागली. दवाखान्यात आरटी-पीसीआर झाली, ती पॉझिटिव्ह आली. काका वाचले. काकूंनाही लागण झाली होती, त्या राहिल्या नाहीत. लागण कोणाकडून कोणाला झाली, हे आता कोणीच सिद्ध करू शकत नाही. पण एक गोष्ट मला माहीत आहे. "लक्षणे असताना अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करावी," हा नियम जून महिन्यापासूनच लागू होता. त्या नियमाचे पत्रक त्या दिवशी माझ्याच पिशवीत होते. मी ते वाचले नव्हते.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्यांनी घबराट पसरली. हा विषाणू काही नवा नव्हता, २००१ मध्येच नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी तो ओळखला होता. मग मे-जूनमध्ये कोविडचे रुग्ण पुन्हा वाढले. दोन्ही वेळी वस्त्यांमधल्या तरुणांचे फोन आले. "ताई, वर्गणी काढून किट आणू या का? स्वस्तातले चालेल की लॅबचीच चाचणी पाहिजे?" प्रश्न मोलाचा आहे. पण स्वस्त विरुद्ध महाग अशी त्याची मांडणी केली, की उत्तर चुकते. पाच वर्षांच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की स्वस्त चाचणीने आपले फारसे नुकसान केले नाही. नुकसान केले ते अर्धवट चाचणीने. ते कसे, हे नीट समजून घेऊ.

दोन चाचण्या नेमके काय शोधतात?

आरटी-पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश शोधते. नाकातोंडातून घेतलेल्या स्वॅबमधून आधी आरएनए वेगळा काढतात, त्याचे डीएनएमध्ये रूपांतर करतात आणि यंत्रात त्याच्या प्रती काढतात. प्रत्येक फेरीत प्रती साधारण दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे करत तीस फेऱ्यांत एका अंशाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होऊ शकतात. म्हणून अगदी थोडा विषाणू असला तरी ही चाचणी तो हुडकते. त्यासाठी महागडे यंत्र, सुरक्षित प्रयोगशाळा, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि नमुना थंड ठेवून नेण्याची सोय लागते. प्रत्यक्ष चाचणीला काही तास पुरतात, पण नमुना पोहोचणे, रांग आणि नोंदणी धरून अहवाल हातात यायला एक-दोन दिवस, लाटेत त्याहूनही जास्त लागत.

अँटिजेन चाचणी विषाणूच्या अंगावरचे किंवा आतले प्रथिन शोधते. तत्त्व तेच, जे घरी गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीत असते. इथे प्रती वाढवण्याची सोय नाही. नाकात जेवढा विषाणू आहे, तेवढ्यावरच पट्टीला रेघ उमटवायची असते. विषाणू भरपूर असेल तर रेघ येते, कमी असेल तर येत नाही. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पंधरा ते तीस मिनिटांत निकाल.

तिसरी एक चाचणी होती, तिने सुरुवातीला फार गोंधळ घातला. ती अँटिबॉडी चाचणी. रक्ताच्या थेंबात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी. प्रतिपिंडे तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून आज आजारी असलेला माणूस ओळखायला तिचा उपयोग नाही. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून आलेल्या अशा किटचे निकाल इतके वेगवेगळे आले, की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, त्यांचा वापर थांबवायला सांगितले. "रॅपिड टेस्ट बोगस असते" हा समज लोकांच्या मनात तेव्हापासून बसला. अँटिजेन आणि अँटिबॉडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वस्तीत आजही सांगावे लागते.

आकडे काय सांगतात?

कोणत्याही चाचणीला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, शंभर आजारी माणसे समोर आणली तर त्यातली किती ती पकडते? शास्त्रज्ञ याला संवेदनशीलता म्हणतात. दुसरा, शंभर निरोगी माणसे आणली तर त्यातल्या किती जणांना ती बरोबर निरोगी ठरवते? ही विशिष्टता.

आयसीएमआरने १४ जून २०२० रोजी पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली, तेव्हा स्वतःच्या तपासणीचे आकडेही जाहीर केले. विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के होती. संवेदनशीलता मात्र ५०.६ ते ८४ टक्के, रुग्णाच्या शरीरात विषाणू किती आहे त्यानुसार. म्हणजे किट पॉझिटिव्ह म्हणाले तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह म्हणाले तर थांबा. परवानगीच्या पहिल्याच कागदात हे स्पष्ट लिहिले होते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेनने २०२२ मध्ये असेच चित्र मांडले. लक्षणे असलेल्यांमध्ये अँटिजेन चाचण्या सरासरी ७३ टक्के लागण पकडतात, लक्षणे नसलेल्यांमध्ये सुमारे ५५ टक्के. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्यात हे प्रमाण ८१ टक्क्यांपर्यंत जाते, दुसऱ्या आठवड्यात ५४ टक्क्यांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अट होती संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ९७ टक्के.

हे आकडे आपल्या वस्तीत आणून बघू. समजा ताप-खोकला असलेले १००० लोक शिबिरात आले आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर लागण आहे. चाचणीची संवेदनशीलता ७० टक्के आणि विशिष्टता साडेनव्व्याण्णव टक्के धरू. ७० जण सापडतील. ३० जण "निगेटिव्ह" म्हणून घरी जातील. उरलेल्या ९०० निरोगी लोकांपैकी चार-पाच जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवले जाईल. अर्ध्या तासात ७० रुग्ण कळले, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या ३० जणांचे काय करायचे, हे आधी ठरवले नसेल तर शिबिर संपल्यावर धोका वाढतो. आधी तो माणूस घाबरून घरी बसला होता, आता आपण त्याला निर्धास्त करून बाहेर पाठवले.

आता उलट परिस्थिती घ्या. साथ ओसरली आहे, कोणाला लक्षणे नाहीत, तरी उत्साहाने आपण १००० लोकांची चाचणी केली. त्यात लागण झालेले फक्त पाच जण आहेत. लक्षणे नसल्यामुळे पाचातले साधारण तीन सापडतील. आणि निरोगी ९९५ जणांपैकी साधारण पाच जण चुकून पॉझिटिव्ह ठरतील. आठ पॉझिटिव्ह, त्यातले पाच निरोगी! किट तेच, त्याचा दर्जा तोच. साथ किती पसरली आहे आणि आपण कोणाला तपासतो आहोत, यावर निकालाचा अर्थ बदलतो. म्हणून लक्षणे नसताना सरसकट किट वाटण्यात वर्गणीचे पैसे घालवू नयेत.

प्रमाण मानलेली चाचणीही अचूक नाही

यावरून कोणी म्हणेल, की मग सगळ्यांची आरटी-पीसीआरच करावी. या चाचणीच्याही मर्यादा आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे आढळले, की लक्षणे सुरू होण्याच्या दिवशी आरटी-पीसीआर सुमारे ३८ टक्के रुग्णांना निगेटिव्ह ठरवते. त्यानंतर तीन दिवसांनी ही चूक २० टक्क्यांवर येते. म्हणजे स्वॅब फार लवकर घेतला किंवा नीट घेतला नाही, तर यंत्र कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. दुसऱ्या टोकाला, बरा झालेला माणूस विषाणूच्या मृत अवशेषांमुळे कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो. तो आता कोणाला लागण करत नसतो, तरी कागदावर तो रुग्ण असतो. रोजंदारीच्या माणसाला अशा कागदाची किंमत रोजच्या मजुरीने मोजावी लागते.

सगळ्यात मोठी मर्यादा वेळेची. चार दिवसांनी आलेला अचूक अहवाल रुग्णाच्या उपचाराला थोडा उपयोगी पडेल, पण साखळी तोडायला नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि गल्लीत एक सार्वजनिक शौचालय असेल, तर चार दिवसांत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच काळात गणिती प्रतिमानातून दाखवले, की साथ रोखण्यासाठी चाचणी किती वेळा होते आणि निकाल किती लवकर मिळतो, हे चाचणीच्या बारीक संवेदनशीलतेपेक्षा महत्त्वाचे ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये घरगुती अँटिजेन चाचणीबाबत हाच धागा पकडून सल्ला दिला. लक्षणे असतील आणि निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करा. लक्षणे नसतील तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीनदा करा.

वस्त्यांमध्ये चाचणी किती कमी पोहोचली होती, याचा पुरावा मुंबईत मिळाला. जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांतल्या तीन प्रभागांत रक्तातल्या प्रतिपिंडांचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, इमारतींमध्ये १६ टक्के. त्या वेळी मुंबईत नोंदलेले रुग्ण शहराच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होते. वस्तीतली अर्ध्याहून अधिक माणसे लागण होऊन मोकळी झाली आणि त्यांपैकी बहुतेकांची कुठेच नोंद नव्हती. तेव्हा वस्तीपुढे खरा पर्याय चांगली चाचणी की साधी चाचणी असा नव्हता. बहुतेकांची कोणतीच चाचणी झाली नव्हती.

किंमत आकाशातून पडत नाही

मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआरची कमाल किंमत ४५०० रुपये ठरली होती. घरकाम करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या कमाईएवढी. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांची चाचणी मोफत करण्याचा आदेश दिला आणि १३ एप्रिलला तो बदलून आयुष्मान भारतचे लाभार्थी व आर्थिकदृष्ट्या दुर्बल यांच्यापुरता ठेवला. त्याच मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या देशी आरटी-पीसीआर किटला परवानगी मिळाली होती. पुढे महाराष्ट्र सरकारने दर उतरवत नेले. जून २०२० मध्ये २२०० रुपये, डिसेंबरमध्ये ७०० आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपये. अँटिजेनचा दर तेव्हा १५० रुपये ठरला.

एका वर्षात ४५०० चे ५०० झाले. किट देशात बनू लागले, प्रयोगशाळा वाढल्या आणि सरकारने आदेश काढला, म्हणून ते झाले. "चांगली चाचणी महागच असणार, गरिबांनी पट्टीवर समाधान मानावे," असे जेव्हा कोणी म्हणेल, तेव्हा हा घसरता दर त्याच्यापुढे ठेवायचा.

स्वस्त आणि प्रमाण यांच्या मधली वाट

या दोन टोकांच्या मध्ये बरेच काम झाले आहे आणि त्यातले काही आपल्या अगदी जवळ. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे नीरीत, डॉ. कृष्णा खैरनार यांच्या गटाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत विकसित केली. नाकात काडी घालायची नाही. सलाइनची गुळणी करायची आणि नळीत थुंकायची. नमुना खास द्रावणात ठेवून तापवला, की आरएनए वेगळा काढण्याच्या महागड्या किटची गरज उरत नाही. पुढची पायरी आरटी-पीसीआरचीच. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने याला मान्यता दिली. स्वॅब घ्यायला तंत्रज्ञ नको, त्यामुळे गर्दी कमी आणि ग्रामीण भागासाठी सोय.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र मुळात टीबीसाठी बनलेले. बॅटरीवर चालते, छोट्या चिपवर काम करते आणि तासाभरात निकाल देते. विषाणूचा जनुकीय अंशच ते शोधते. मे २०२० पासून कोविडच्या निदानासाठी त्याचा निकाल ग्राह्य धरला गेला. एका वेळी एक ते चारच नमुने घेते, म्हणून हजारांच्या गर्दीला पुरत नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यात दिवसाला वीस-पंचवीस संशयितांसाठी ते पुरेसे आहे.

नमुने एकत्र करून तपासण्याची युक्तीही होती. पाच जणांचे नमुने मिसळून एकच आरटी-पीसीआर करायची. निगेटिव्ह आली तर पाचही मोकळे, पॉझिटिव्ह आली तर पाचांची वेगळी चाचणी. शंभरात एकच रुग्ण असेल तर २० अधिक ५ अशा २५ चाचण्यांत शंभर माणसे तपासून होतात. पण शंभरात २० रुग्ण असतील तर साधारण दोन तृतीयांश गट पॉझिटिव्ह येतात आणि साधारण ८७ चाचण्या लागतात, मग फारसा फायदा उरत नाही. म्हणूनच आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्ये पॉझिटिव्हचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असलेल्या भागांतच याची शिफारस केली होती. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेतली फेलुदा ही कागदी पट्टीची चाचणीही सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिची पट्टी स्वस्त आहे, पण आधी प्रती वाढवण्याची पायरी असल्याने ती प्रयोगशाळेतच होते.

थोडक्यात, स्वस्त म्हणजे कमी दर्जाची असे समीकरण नाही. विज्ञानाने मार्ग दाखवले. ते वस्तीपर्यंत पोहोचवण्याची घाई व्यवस्थेला किती होती, हा वेगळा प्रश्न आहे.

नियमाचा हरवलेला अर्धा भाग

अँटिजेनचा नियम दोन ओळींचा आहे. पॉझिटिव्ह आली तर ती खरी धरा. लक्षणे असून निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा. पहिली ओळ सगळीकडे पाळली गेली, कारण तिला खर्च नव्हता. दुसरी ओळ गळाली.

दिल्लीत जून-जुलै २०२० मध्ये अडीच लाखांहून अधिक लोक अँटिजेनमध्ये निगेटिव्ह आले. त्यातल्या दीड हजारांहूनही कमी लोकांची फेरतपासणी झाल्याचे समोर आले आणि जेवढ्यांची झाली, त्यातले सुमारे १८ टक्के पॉझिटिव्ह निघाले. दिल्ली उच्च न्यायालयाने अँटिजेनवरच्या या भिस्तीवर तेव्हा प्रश्न उपस्थित केला. चाचण्यांचा रोजचा आकडा मात्र फुगत होता आणि बातम्यांत तोच दिसत होता. आकड्याचीच भूक लागली की काय होते, ते २०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात दिसले. तिथल्या सुमारे एक लाख चाचण्या बनावट असल्याचे प्राथमिक चौकशीत समोर आले.

मे २०२१ मध्ये घरी करायच्या अँटिजेन किटला परवानगी मिळाली, किंमत अडीचशे रुपये. नियम तोच, फक्त तो पाळायची जबाबदारी आता एकट्या रुग्णावर आली. सोबतचे पत्रक बारीक अक्षरात. ज्या घरात ते वाचणारा कोणी नाही, तिथे एक रेघ म्हणजे "काही नाही".

याला सामाजिक बाजू आहे, ती समाजशास्त्राच्या पुस्तकात शोधावी लागत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून विमानाने महाराष्ट्रात येणाऱ्यांकडे आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह अहवाल मागितला जात होता. अँटिजेन चालत नव्हती. आमच्या वस्तीतल्या सफाई कामगारांना, हमालांना, रखवालदारांना मात्र कामावर परतायला अँटिजेनची एक रेघ पुरत होती. मालकाला माणूस कामावर हवा होता आणि त्या रेघेने तो मिळत होता. विमानातल्या माणसाकडून इतरांना धोका नको, म्हणून कडक चाचणी. घाण उपसणाऱ्याचे काम थांबायला नको, म्हणून सोपी चाचणी. कोणी कट केला असे मी म्हणत नाही. पण कोणासाठी कोणती चाचणी "पुरेशी" मानली गेली, त्यातून कोणाच्या जिवाची किंमत किती धरली जाते, हे कळते.

आणि खरे सांगायचे तर, त्या काकांना मी आरटी-पीसीआर करायला सांगितले असते, तरी अहवाल येईपर्यंत ते घरी बसले असते का? तीन दिवसांचा पगार कोणी दिला असता? पॉझिटिव्ह निघण्याची भीती आमच्या लोकांना आजाराइतकीच खाड्याची होती. म्हणून चाचणीचा प्रश्न शेवटी पगारी रजेपाशी येतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. या ईएसआय योजनेत आजारपणात मजुरीच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, वर्गणीची अट पूर्ण झाली असेल तर. कंत्राटदार ती वर्गणी भरतो का, हे आपल्यातले किती कामगार तपासतात? आजारपणात घरी बसण्याचा हक्क नसेल, तर जगातली सर्वात अचूक चाचणीही कामगाराच्या फारशी उपयोगाची नाही.

मग आपण काय करायचे?

पुढची साथ कोविडची असेल, फ्लूची असेल किंवा एखाद्या नव्या विषाणूची. शिबिर भरवण्याआधी एवढे ठरवून घ्या.

१. लक्षणे असलेल्यांना प्राधान्य द्या आणि लक्षणे कोणत्या दिवशी सुरू झाली, ते नावापुढे लिहा. त्या तारखेशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही.

२. निगेटिव्ह आलेल्या, पण लक्षणे असलेल्या प्रत्येकाची वेगळी यादी करा. त्याला आरटी-पीसीआर किंवा ट्रूनॅट कुठे होते, किती वाजता होते, अहवाल कधी मिळतो, हे कागदावर लिहून द्या. ४८ तासांनी त्याला फोन करा. ही यादी सांभाळणारा एक माणूस नेमला नसेल, तर शिबिर घेऊ नका.

३. किट मान्यताप्राप्त आहे का आणि मुदत संपली नाही ना, हे बघा. बहुतेक अँटिजेन किट २ ते ३० अंश तापमानात ठेवायचे असतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेले किट म्हणजे पैसा पाण्यात. निकाल पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचा, तासाभराने उमटलेली रेघ धरू नका.

४. कोविडचे किट फक्त कोविड सांगते. फ्लू किंवा एचएमपीव्ही त्यात कळत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर टीबीची तपासणी करायला पाठवा. ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि ट्रूनॅट मुळात त्याचसाठी बनले आहे.

५. धाप लागत असेल, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली जात असेल, तर कोणत्याही चाचणीची वाट न बघता दवाखान्यात न्या. पट्टीवरची रेघ माणसाच्या श्वासापेक्षा मोठी नाही.

६. महापालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे फक्त "किट द्या" अशी मागणी करू नका. किती निगेटिव्ह लोकांची फेरतपासणी झाली आणि अहवाल किती तासांत मिळाला, हे वस्तीनिहाय आकडे मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपल्यातल्या प्रत्येक तरुणाला लिहिता आला पाहिजे. कंत्राटी कामगारांसाठी अहवाल येईपर्यंतच्या दिवसांची पगारी रजा मागा.

त्या शिबिरातली वही माझ्याकडे अजून आहे. निगेटिव्हच्या रकान्यात काकांच्या नावापुढे एक बरोबरची खूण आहे, माझ्याच हातची. त्यापुढे आणखी एक रकाना असायला हवा होता: "फेरतपासणी झाली का?" आता मी जिथे जिथे शिबिराला जाते, तिथे आधी वही उघडते आणि पट्टी लावून तो रकाना आखते. मित्रांनो, तुम्हीही एवढे करा.